आयडी एकदा बाहेर गेला की परत मागवता येत नाही

डेटाबेसमध्ये टेबल बनवायला घेतलं की पहिली ओळ सगळे डोळे मिटून लिहितात. आयडी, इंटिजर म्हणजे पूर्णांक, ऑटो इन्क्रिमेंट म्हणजे दर नोंदीला आपोआप पुढचा नंबर, प्रायमरी की म्हणजे नोंदीची मुख्य ओळख, झालं. मग पुढच्या कॉलमांवर मात्र तासभर चर्चा चालते, नाव किती अक्षरांचं, तारीख कुठल्या टाइमझोनमधली, हे नल म्हणजे रिकामं चालेल का ते नल चालेल का. पण बाकीचे सगळे कॉलम नंतर बदलता येतात हो, एक मायग्रेशन (टेबलाची रचना बदलणारा कोड) लिहायचं, रात्री चालवायचं, संपलं. आयडीचं तसं नाही, कारण आयडी तुमच्या टेबलात बसून राहत नाही, तो फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलातून ह्या नोंदीकडे बोट दाखवणारा कॉलम, होऊन दहा टेबलांत जातो, तिथून एपीआयमध्ये (दुसऱ्या प्रोग्रॅमांशी बोलायचं दार), तिथून यूआरएलमध्ये, आणि एकदा यूआरएलमध्ये गेला की कोणाच्या बुकमार्कमध्ये, कोणाच्या ईमेलमध्ये, कोणाच्या एक्सेल शीटमध्ये, सर्च इंजिनच्या इंडेक्समध्ये, कागदावर छापलेल्या क्यूआर कोडमध्ये, कुठे कुठे जातो ते आपल्याला कळतही नाही.

माझं मत सरळ आहे, एकाच आयडीवर तीन कामं टाकू नका. डेटाबेसला रो, म्हणजे टेबलातली एक नोंद, शोधायला एक गोष्ट लागते, बाहेरच्यांना ती रो दाखवायला दुसरी, आणि माणसाला वाचायला तिसरी. डेटाबेसला लहान आणि क्रमाने येणारं काहीतरी हवं असतं, बाहेर जाणाऱ्याचा अंदाज बांधता येता कामा नये, आणि माणसाला बघून अर्थ कळायला हवा. ह्या तिन्ही गरजा एकमेकींच्या विरुद्ध ओढतात, त्यामुळे एकातच सगळं बसवायला गेलं की कुठेतरी उसवतंच.

साध्या १, २, ३ वाल्या क्रमांकाला हल्ली उगाच नावं ठेवतात. आतल्या कामासाठी तो उत्तम आहे. आठ बाइटांत मावतो, नवीन रो नेहमी शेवटी जाते, डीबग करताना तोंडाने सांगता येतो. फक्त बिगइंट, म्हणजे ६४ बिटांचा इंटिजर, घ्या. ३२ बिटांचा साइन्ड इंटिजर २,१४,७४,८३,६४७ ला संपतो, आणि लोकांना वाटतं आपल्याकडे कुठे एवढ्या रो होणारेत, पण आकडा रो मोजत नाही, दिलेले नंबर मोजतो. डिलीट केलेल्या रोचा नंबर गेला, फेल झालेल्या इन्सर्टचा (नवीन रो घालण्याचा) गेला, पोस्टग्रेस ह्या डेटाबेसमध्ये ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं, म्हणजे अर्धवट काम रद्द झालं, तरी सिक्वेन्स, म्हणजे नंबर देणारा काउंटर, मागे येत नाही. लॉग किंवा इव्हेंटचं टेबल असेल तर हे बघता बघता भरतं, आणि भरलं की त्या क्षणापासून प्रत्येक इन्सर्ट एरर देतो. मग टाइप बदलायचा म्हटलं तर एवढं मोठं टेबल पूर्ण परत लिहिलं जातं, त्यावर लॉक बसतो, आणि त्याला चिकटलेली प्रत्येक फॉरेन कीसुद्धा बदलावी लागते. चार बाइट वाचवायला कोणी एवढं ओढवून घेऊ नये.

हे नंबर मधेमधे गळतात म्हणूनच बिलाचा नंबर म्हणून प्रायमरी की वापरू नका. हिशोबाला सलग नंबर हवे असतात, एकही गाळलेला चालत नाही, आणि सिक्वेन्स तसं वचनच देत नाही. बिलाचा नंबर वेगळा कॉलम, त्याचा वेगळा काउंटर, बिल पक्कं होतं त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये.

आणि नंबर परत वापरला जातो का तेही बघा, हे फार कमी जण बघतात. एसक्यूलाइट ह्या डेटाबेसमध्ये ऑटोइन्क्रिमेंट हा शब्द न लिहिता नुसती इंटिजर प्रायमरी की ठेवली तर शेवटची रो डिलीट केल्यावर तोच नंबर पुढच्या रोला मिळू शकतो. मायएसक्यूएल ह्या डेटाबेसच्या इनोडीबी ह्या साठवण इंजिनात ८.० आवृत्तीच्या आधी हा काउंटर फक्त मेमरीत असायचा, सर्व्हर रीस्टार्ट झाला की टेबलातला सगळ्यात मोठा आकडा बघून त्याच्या पुढून सुरू, म्हणजे शेवटच्या चार रो डिलीट करून रीस्टार्ट केलं तर तेच चार नंबर नव्या चार जणांना. आता त्यातला एखादा नंबर आधीच कोणाच्या ईमेलमध्ये लिंक म्हणून गेलेला असेल तर ती लिंक दुसऱ्याच माणसाची माहिती उघडते. लिंक मेलेली असणं परवडतं, चुकीच्या ठिकाणी नेणारी लिंक अजिबात परवडत नाही.

आता हेच क्रमांक बाहेर दाखवले की काय होतं. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांना जर्मनी महिन्याला किती रणगाडे बनवतंय ते हवं होतं. गुप्तहेरांचा ऑगस्ट १९४२ चा अंदाज होता १५५०. संख्याशास्त्रज्ञांनी पकडलेल्या रणगाड्यांच्या भागांवरचे सीरियल नंबर घेतले आणि त्यावरून आकडा काढला ३२७. युद्धानंतर जर्मन कागदपत्रं मिळाली, खरा आकडा निघाला ३४२. गणित अगदी सोपं आहे, नंबर १ पासून सुरू होत असतील आणि तुमच्या हाताला आलेल्या नमुन्यांत सगळ्यात मोठा म असेल, नमुने क असतील, तर एकूण अंदाज म अधिक म भागिले क वजा एक. तुमच्या साइटवर ऑर्डर नंबर सलग असेल तर प्रतिस्पर्ध्याला एवढंही करावं लागत नाही, पहिल्या तारखेला एक ऑर्डर द्यायची, शेवटच्या तारखेला दुसरी द्यायची, वजाबाकी केली की तुमचा महिन्याचा धंदा त्याच्या वहीत.

धंदा कळणं एक वेळ चालेल, दुसरा धोका जास्त वाईट. ॲड्रेस बारमध्ये शेवटचा आकडा एकाने वाढवायचा आणि दुसऱ्याचं कागदपत्र उघडतंय का बघायचं, ह्याला काही ज्ञान लागत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या टायटल इन्शुरन्स (घर-जमिनीच्या मालकीहक्काचा विमा) कंपनीच्या साइटवर नेमकं हेच उघडकीला आलं, साधारण ८८.५ कोटी कागदपत्रं, त्यात बँक खात्यांचे नंबर, कर्जाचे कागद, सगळं लिंकमधला आकडा बदलून दिसत होतं, लॉगिनसुद्धा नको. ओवॅस्प नावाची संस्था एपीआयमधल्या धोक्यांची यादी काढते, त्यात २०१९ आणि २०२३ दोन्ही वेळा पहिल्या नंबरवर हाच प्रकार आहे, रेकॉर्ड मागणाऱ्याला ते रेकॉर्ड बघायचा हक्क आहे का हे न तपासणं.

पण इथे एक गैरसमज होतो तो सांगतो. लोक म्हणतात मग रँडम आयडी लावू, प्रश्न मिटला. नाही मिटला. त्या कंपनीची मूळ चूक क्रमांक नव्हती, परवानगी न तपासणं होती. रँडम आयडीमुळे अंदाज बांधणं अवघड होतं एवढंच, पण लिंक फॉरवर्ड होते, लॉगमध्ये पडते, ब्राउझर हिस्टरीत राहते. प्रत्येक रिक्वेस्टला हा लॉगिन झालेला माणूस ह्या रोचा मालक आहे का हे विचारायलाच हवं, आयडी कसलाही असो. रँडम आयडी हा दुसरा बंदोबस्त आहे, पहिल्याच्या जागी तो बसत नाही. हॅशआयडीज किंवा स्क्विड्स ह्या लायब्ररी वापरून क्रमांकच वेगळ्या रूपात दाखवायचा प्रकार तर त्याहून कच्चा, ते एन्क्रिप्शन नाही, उलटवता येतं, आणि बनवणारेही तसं स्पष्ट सांगतात.

बरं, मग बाहेर काय द्यायचं. सगळ्यांच्या ओळखीचा म्हणजे यूयूआयडी. १२८ बिट, लिहिला की ३२ हेक्स (०-९ आणि ए-एफ) आकडे आणि ४ डॅश, ३६ अक्षरं. ह्याच्या वेगवेगळ्या जाती आहेत आणि फरक माहीत असावा. पहिल्या जातीत वेळ आणि मशीनचा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाचा नंबर, असतो, म्हणजे आयडी बघून कुठल्या मशीनवर कधी बनला ते कळतं, १९९९ मध्ये मेलिसा व्हायरस पसरला तेव्हा वर्ड फाइलमधल्या अशाच आयडीचा माग काढायला उपयोग झाला होता. चौथी जात पूर्ण रँडम, १२२ बिट. टक्कर होईल का ह्याची भीती सोडा, सेकंदाला १०० कोटी आयडी बनवत राहिलात तर साधारण ८५ वर्षांनी कुठे एक टक्कर होण्याची शक्यता निम्मी होते. भीती बाळगायची तर रँडम आकडा कुठून येतोय त्याची बाळगा, जावास्क्रिप्टमध्ये मॅथ डॉट रँडमवरून घरी जुळवलेला यूयूआयडी वापरू नका, क्रिप्टो डॉट रँडमयूयूआयडी आहे ना.

चौथ्या जातीचा खरा त्रास डेटाबेसला होतो, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण टेस्टिंगमध्ये तो दिसतच नाही. इंडेक्स, म्हणजे रो पटकन शोधायची सूची, बी-ट्री नावाच्या रचनेत असतो, बी-ट्री क्रमाने लावलेली असते, पानापानांत. इनोडीबीचं पान १६ केबीचं, पोस्टग्रेसचं ८ केबीचं. क्रमाने वाढणारा आयडी असला की नवीन नोंद नेहमी शेवटच्या पानावर जाते, तेच पान मेमरीत गरम राहतं, भरलं की पुढचं. रँडम आयडी आला की त्याला कुठल्याही मधल्या पानावर जायचं असतं, ते पान मेमरीत नसेल तर डिस्कवरून आणा, भरलेलं असेल तर दोन तुकडे करा, मग दोन्ही अर्धवट रिकामी. मायएसक्यूएलच्या मॅन्युअलप्रमाणे क्रमाने भरलेली पानं सोळातले पंधरा भाग भरतात, रँडम क्रमाने भरलेली अर्ध्यापासून पंधरा भागांपर्यंत कुठेही. त्यात इनोडीबीत रो स्वतःच प्रायमरी कीच्या क्रमाने साठवली जाते, आणि प्रत्येक सेकंडरी, म्हणजे इतर कॉलमांवरच्या, इंडेक्समध्ये प्रायमरी कीची कॉपी असते, म्हणजे सहा इंडेक्स असतील तर तुमचा लांबलचक आयडी आणखी सहा वेळा लिहिला जातो. आणि कोणी तो ३६ अक्षरांची स्ट्रिंग म्हणून ठेवला असेल तर १६ बाइटांत मावणारी गोष्ट ३६ बाइटांत, सातही ठिकाणी. टेबल मेमरीत मावतं तोवर सगळं छान चालतं, इंडेक्स मेमरीपेक्षा मोठा झाला की एके दिवशी इन्सर्ट मंदावतात आणि कोडमध्ये तर काहीच बदललेलं नसतं, मग लोक चार दिवस भलतीकडेच शोधत बसतात.

ह्यावरचं उत्तर म्हणजे सातवी जात, मे २०२४ च्या आरएफसी ९५६२ ह्या इंटरनेट मानकात ती अधिकृत झाली. पहिले ४८ बिट मिलिसेकंदातली वेळ, मग जातीच्या खुणेचे ६ बिट सोडले तर बाकी ७४ रँडम. त्यामुळे नवीन आयडी साधारण शेवटीच जातात आणि तरी कोणालाही न विचारता कुठल्याही मशीनवर बनवता येतात, ऑफलाइन ॲपमध्ये फोनवरच आयडी बनवून नंतर सिंक करता येतं, नेट गेलं आणि तीच रिक्वेस्ट पुन्हा आली तरी आयडी तोच असल्यामुळे रो दोनदा पडत नाही. पोस्टग्रेस १८ मध्ये ह्याचं फंक्शन आतच आलंय. ह्याच विचाराचा यूलिड आधीपासून होता, ४८ बिट वेळ, ८० रँडम, २६ अक्षरांत. एक लक्षात ठेवा, सातव्या जातीच्या आयडीतून रो कधी बनली ते मिलिसेकंदापर्यंत कोणालाही वाचता येतं. ब्लॉग पोस्टला काय फरक पडतो, पण पेशंटची नोंद किंवा तक्रार असेल तर पडतो, तिथे बाहेरचा आयडी पूर्ण रँडमच हवा.

ट्विटरचा २०१० सालचा स्नोफ्लेक हा ६४ बिटांचा प्रकार, ४१ बिट वेळ, १० बिट मशीन नंबर, १२ बिट काउंटर, एका मशीनवर एका मिलिसेकंदात ४०९६ आयडी. बिगइंटमध्ये मावतो हे मोठं सुख, पण मशीन नंबर वाटायची व्यवस्था सांभाळावी लागते, लहान टीमने ह्याच्या नादी लागू नये असं मला वाटतं. आणि ६४ बिटांचा आयडी जेसनमध्ये (एपीआयमधून डेटा पाठवायचा फॉरमॅट) आकडा म्हणून पाठवू नका. जावास्क्रिप्टचा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच बिनचूक असतो, त्यापुढे शेवटी ९९३ असलेला आयडी गुपचूप ९९२ होतो, एरर नाही, वॉर्निंग नाही. ट्विटरलाही म्हणूनच एपीआयमध्ये तोच आयडी स्ट्रिंग म्हणून वेगळा द्यावा लागला. एक्सेल तर १५ आकड्यांच्या पुढे सगळे शून्य करतो, सुरुवातीचे शून्य खातो, आणि मधे ई हे अक्षर आलेला कोड घातांक समजतो. तुमचा आयडी कधी ना कधी कोणाच्या तरी शीटमध्ये पेस्ट होणारच आहे.

लिंकमध्ये ३६ अक्षरं बघवत नाहीत हे मान्य. मग छोटा आयडी किती छोटा ठेवायचा ह्याचं गणित करा, अंदाजाने नको. ३२ चिन्हांची ८ अक्षरं म्हणजे ४० बिट, एक लाख कोटीच्या वर शक्यता, ऐकायला प्रचंड. पण साधारण १२ लाख रेकॉर्ड झाले की कुठेतरी एक टक्कर झाली असण्याची शक्यता निम्म्यावर येते, खोलीत २३ माणसं असली की दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते तेच हे गणित. टक्कर तरी युनिक इंडेक्स पकडतो, पुन्हा नवीन बनवायचा, झालं. अंदाज लावणारा बॉट मात्र इंडेक्सने पकडला जात नाही, १० लाख रेकॉर्ड असतील तर साधारण दर ११ लाख प्रयत्नांत त्याला एक खरी लिंक लागते आणि ११ लाख प्रयत्न म्हणजे बॉटला काहीच नाही. यूट्यूबचा व्हिडिओ आयडी ११ अक्षरांचा असतो, ६४ चिन्हांतला, ही लांबी सार्वजनिक गोष्टींना पुरते. लिंक हीच किल्ली असेल, म्हणजे ज्याच्याकडे लिंक तो आत, तर नॅनोआयडी ह्या लायब्ररीसारखी २१ अक्षरं घ्या, हात आखडू नका.

लहान-मोठी दोन्ही लिपीची इंग्रजी अक्षरं घेतली की लिंक छोटी होते खरी, पण मायएसक्यूएल ८ चं डीफॉल्ट कोलेशन, म्हणजे अक्षरांची तुलना करायचा नियम, लहान ए आणि मोठा ए एकच धरतं, मग दोन वेगळे आयडी एक होतात, त्या कॉलमला बायनरी कोलेशन द्या. आणि फोनवर सांगायचा कोड असेल तर हा प्रकार नकोच. त्यासाठी डग्लस क्रॉकफर्ड यांचं बेस३२, म्हणजे ३२ चिन्हांचा संच, चांगलं, त्यात आय, एल, ओ आणि यू ही अक्षरंच नाहीत, कोणी चुकून आय किंवा एल टाइप केलं तर १ धरायचं, ओ टाइप केला तर शून्य. शेवटी एक तपासणी आकडा जोडा, क्रेडिट कार्डावर लून पद्धतीचा असतो तसा, एक आकडा चुकला की सर्व्हरला न विचारता फॉर्मच सांगतो.

ईमेल, फोन नंबर, युजरनेम ह्यांना प्रायमरी की करू नका, एवढंच सांगून पुढे जातो. माणसं ईमेल बदलतात, आणि सोडलेला फोन नंबर कंपनी दुसऱ्याला देते.

राहिला स्लग, म्हणजे लिंकमधला वाचता येणारा भाग. मला तो आवडतो, लिंक बघून आत काय आहे ते कळलं पाहिजे. पण ओळख त्याच्यावर टांगू नका, कारण शीर्षकं बदलतात. स्टॅक ओव्हरफ्लोची पद्धत मला सगळ्यात पटते, लिंकमध्ये आधी नंबर, मग स्लग, सर्व्हर फक्त नंबर बघतो, स्लग चुकीचा असेल तर बरोबर लिंकवर पाठवतो. विकिपीडियात शीर्षक हाच पत्ता आहे, म्हणून पानाचं नाव बदललं की जुन्या नावाचं रीडायरेक्ट मागे ठेवावं लागतं, तेही चालतं, पण ती रीडायरेक्ट कायम सांभाळायची तयारी हवी.

मराठीत स्लग ठेवणाऱ्यांसाठी खास. ब्राउझरमध्ये देवनागरी छान दिसते, पण प्रत्यक्ष पाठवताना प्रत्येक चिन्हाचे यूटीएफ-८ ह्या एन्कोडिंगमध्ये ३ बाइट आणि एकेका बाइटाची टक्के-चिन्हासकट ३ अक्षरं होतात, म्हणजे चिन्हामागे ९. नुसता मराठी हा शब्द काना-वेलांटी धरून ५ चिन्हांचा, लिंकमध्ये ४५ अक्षरं. पाच-सहा शब्दांचं शीर्षक असलं की सहज दोन-अडीचशे, आणि लिंकचा कॉलम २५५ चा असेल तर शेपूट कापली जाते, कापलेली लिंक उघडत नाही. त्याहून बेरकी गोष्ट म्हणजे दुसऱ्या ह्या शब्दातला अर्धा र. तो तीन प्रकारे टाइप होतो, ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलंत, र खाली नुक्ता आणि हलंत, किंवा र, हलंत आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर तिन्ही सारखेच, बाइट मात्र वेगळे, डेटाबेसला ते तीन वेगळे स्लग. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच चिन्हाची वेगळी रूपं एका रूपात आणणं, लावलं तर पहिले दोन एक होतात, तिसरा होत नाही, तो स्वतः बदलून घ्यावा लागतो. सेव्ह करताना आणि शोधताना दोन्हीकडे हे करा. आणि लिंकमध्ये आयडी वेगळा असेल तर स्लग कसाही तुटला तरी पान उघडतं, मराठी साइटला तर हीच पद्धत हवी असं माझं ठाम मत आहे.

ज्यांची साइट आधीच सलग नंबरांवर चालू आहे त्यांनी प्रायमरी की बदलायला जाऊ नका, तिची गरज नाही. नवीन कॉलम जोडा, आधी नल चालणारा, मग हजार-हजार रो करून भरत जा, मग युनिक इंडेक्स, मग नॉट नल. नवीन लिंका नव्या आयडीने द्यायला लागा, जुन्या नंबरवाल्या लिंका ३०१ ने, म्हणजे कायमच्या रीडायरेक्टने, नवीन लिंकवर पाठवा. फक्त रीडायरेक्ट करायच्या आधी परवानगी तपासा, नाहीतर १ पासून नंबर टाकत जाणाऱ्याला तुमचाच सर्व्हर एकेक करून सगळे रँडम आयडी हातात देतो. सगळ्यांना उघडी असलेली पानं असतील तर ज्या दिवशी बदल केला त्या दिवशीचा शेवटचा नंबर कॉन्फिगमध्ये लिहून ठेवा, त्याच्या पुढच्या कुठल्याही नंबरला ४०४, म्हणजे पान सापडलं नाही असं उत्तर, द्या, म्हणजे जुन्या लिंका चालू राहतात आणि त्यानंतर साइट किती वाढली ते बाहेरून मोजता येत नाही.